खोक्यावरचं नाव आणि आतलं नाव



बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग वाळवणं, मग पाहुणे. असो.

आजचा विषय जरा चमत्कारिक वाटेल. एरवी पाऊस, गव्हले आणि जुनी पाठ्यपुस्तकं यांवर लिहिणारी बाई एकदम यूएसबी वायफायच्या ड्रायव्हरवर कशी घसरली, असं तुम्ही म्हणाल. सूनबाईंनी तर आधीच विचारलं, "आई, हे कोण वाचणार?" मी म्हटलं, ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे आणि ज्याला एकदा तरी "टाकून द्या, नवीन घ्या" असं ऐकावं लागलं आहे, तो वाचेल. म्हणजे तुम्ही सगळेच.

गोष्ट २०२५ च्या जूनमधली. आधी आमच्या घराचा भूगोल सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. वाईतल्या एका जुन्या वाड्याचा निम्मा भाग म्हणजे आमचं घर. खाली दगड, वर पांढरी माती, भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात गारवा छान, पण वायफाय या भिंतींपुढे हात टेकतं. राउटर पुढच्या सोप्यात आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत. केबल ओढायची तर सागवानी चौकटीला भोक पाडायला हवं, आणि आमचे हे हयात असेपर्यंत त्या चौकटीला कोणी ड्रिल लावू शकणार नाही. म्हणून डोंगल. नखाएवढी वस्तू, यूएसबीत खोचायची, की वायफाय सुरू.

कॉम्प्युटर २०१४ सालचा. विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर त्याच्यात नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालेलं होतं. म्हणून २०२३ च्या दिवाळीत पुण्याच्या नातवाने त्यात लिनक्स मिंट घातलं. पहिले आठ दिवस मी कुरकुरले, मग सवय झाली. त्याने मला एक शिस्त लावली. म्हणाला, "आजी, यंत्रात काहीही नवीन लावलंस की वहीत लिही. तारीख, काय लावलं, यादीत काय दिसलं." एकतीस वर्षं मी मुलांना वह्या लिहायला लावल्या, आता नातू मला लावतो! पण लिहिलं. या वहीचं महत्त्व पुढे कळेल.

जानेवारीत डोंगल घेतला, लावला, लगेच चालला. मे महिन्यात झाडताना कुंच्याचा दांडा लागून तो मोडला. मी तोच डोंगल पुन्हा मागवला. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच हिरवं खोकं, तोच फोटो. नवा आला, खोचला, दिवा लुकलुकला, आणि वायफायचा पत्ता नाही.

याच वेळी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंच्या लेकीचा अकरावीचा अर्ज भरायचा होता. त्या वर्षी अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर लागू झाले. कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे, आणि ते मुदतीच्या आत. मोबाइलवर भरता येतो हे मला ठाऊक आहे. पण ताईंच्या फोनची काच तडकलेली, आणि दहावी झालेल्या मुलीने आयुष्यातला पहिला मोठा निर्णय त्या चिरेतून वाचत घ्यावा हे मला पटेना. "मोठ्या पडद्यावर बसून नीट भरू," असं मीच कबूल केलं होतं. मुदतीला दोन दिवस उरले होते.

बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान आहे. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी, गुणी मुलगा. घरी येऊन बघून गेला. म्हणाला, "बाई, डोंगल डेड आहे." मी म्हटलं, दिवा लागतोय की रे. तर म्हणाला, "मग तुमचं हे लिनक्स काढू या, विंडोज टाकतो. आणि खरं सांगू का बाई, मशीनच जुनं झालंय. अकरा वर्षं म्हणजे खूप झाली. नवीन बघू या का?" दोन मिनिटांत तीन निदानं! पोराला त्रैराशिक येत नाही, तर शाळाच बदला म्हणणारे पालक असतात ना, तसं. मी त्याला सरबत दिलं आणि परत पाठवला.

मंडळी, मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. माझं बी.ए. मराठी माध्यमातून झालं, पडद्यावरची इंग्रजी सूचना मी दोनदा वाचते तेव्हा निम्मी कळते. पण मुलाचं नेमकं कुठे अडतंय हे शोधणं हा माझा धंदा होता. त्याचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि जमलं, तरी कशामुळे जमलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच.

तर पहिली परीक्षा पोर्टची. सीपीयूच्या पुढच्या बाजूची पोर्टं आतून एका बारीक तारेने जोडलेली असतात, जुन्या यंत्रात ती सैल होतात. डोंगल मागच्या पोर्टात लावला. फरक नाही. दुसरी परीक्षा डोंगलची. शेजारच्यांच्या विंडोजच्या लॅपटॉपला लावला. तिथे गंमत झाली. आधी एक सीडी ड्राइव्ह दिसू लागला, त्यातली फाइल चालवली, आणि वायफाय सुरू! म्हणजे डोंगल मेलेला नव्हता. एक निदान बाद.

मग यंत्राला विचारायचं की तुला काय दिसतंय. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून "एलएसयूएसबी" ही आज्ञा दिली की यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येते. प्रत्येक वस्तूपुढे चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक असतात. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. कॉम्प्युटर खोक्यावरचं नाव वाचत नाही, त्याला हे दोन क्रमांकच कळतात. आमच्या शाळेत जनरल रजिस्टर असे. मुलाला घरी बंड्या म्हणोत की सोन्या, दाखला निघायचा तो रजिस्टर नंबरावर. तसंच हे. क्रमांक बघायचा, आपल्या नोंदींत शोधायचा, आणि ज्या ड्रायव्हरपुढे तो क्रमांक लिहिला आहे त्याच्या हवाली ती वस्तू करायची. ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूची भाषा जाणणारा दुभाषी. नोंदच नसेल तर वस्तू दारात उभी, दिवा लुकलुकतोय, आणि आत कोणी ओळखत नाही.

मी वही काढली. जानेवारीच्या पानावर जुन्या डोंगलचे क्रमांक होते. नव्याचे त्यांच्याशी जुळेनात. पहिला क्रमांकही वेगळा, दुसराही वेगळा. तेच खोकं, तेच मॉडेल, आणि आतली चिप भलत्याच कंपनीची!

मला खरोखर राग आला. पण राग नंतर, आधी अर्ज.

नातवाला फोन लावला. तो कामात होता, एवढंच म्हणाला, "आजी, आज डोंगलच्या मागे लागू नकोस. तुझा फोन केबलने जोड आणि यूएसबी टिदरिंग चालू कर." पहिल्या केबलने काहीच झालं नाही. तो फोन पुन्हा करायचा धीर होईना, म्हणून घरातली दुसरी केबल लावून पाहिली. काही केबलींत वीज नेणाऱ्या तारा तेवढ्या असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरी केबल लावली, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर टिदरिंगची कळ दाबली, आणि पाच सेकंदांत पडद्यावर आलं की जोडणी झाली. ना सीडी, ना ड्रायव्हर, ना काही.

रात्री साडेनऊला अर्ज गेला. पोरीने एकेक कॉलेज मोठ्याने वाचलं, आईला विचारलं, पुन्हा वाचलं. पहिल्या पसंतीला वाईचंच कॉलेज घातलं, कारण एसटीच्या पासाचे पैसेही वाचतात आणि येण्याजाण्याचा वेळही. ताई खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. पावती छापून हातात दिली तेव्हा त्यांनी ती पदराला पुसून घेतली, जणू शाई ओली असावी.

झोपताना मात्र एक प्रश्न डोक्यात राहिला. फोन लगेच चालला आणि डोंगल का नाही? दोघंही यूएसबीनेच नेट देतात की.

याचं उत्तर मला पुढच्या चार दिवसांत कळलं. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची. ती घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट हे बडोद्यात शिकलेले आपले माणूस आघाडीवर होते. त्याआधी माउसला एक भोक, प्रिंटरला दुसरं, मोडेमला तिसरं असा कारभार होता. यूएसबीने भोक एक केलं. त्याहून मोठं काम म्हणजे वस्तूंचे वर्ग पाडले. कीबोर्ड आणि माउस एका वर्गात, पेनड्राइव्ह दुसऱ्या, छपाईयंत्रं तिसऱ्या. वर्गाची भाषा ठरलेली. म्हणून कुठल्याही कंपनीचा माउस कुठल्याही कॉम्प्युटरला चालतो, त्याचं नाव कोणी विचारत नाही. फोन केबलने जोडला की तो जी भाषा बोलतो, तीही विंडोजला आणि लिनक्सला आधीपासून येते. वायफायच्या डोंगलला मात्र अशी सगळ्यांनी पाळलेली समान भाषा नाही. जितक्या चिपा तितक्या बोली, आणि प्रत्येक बोलीला स्वतंत्र दुभाषी.

आता डोंगलची दुरुस्ती. लांबण लावत नाही, पण कोणाला उपयोग होईल म्हणून क्रमाने सांगते.

शेजारच्या लॅपटॉपवर दिसलेला सीडी ड्राइव्ह हा खरा ड्राइव्ह नव्हता. असे डोंगल सुरुवातीला सीडीचं सोंग घेऊन येतात. पोटात विंडोजचा ड्रायव्हर घेऊनच येतात, म्हणजे गिऱ्हाइकाला शोधत बसायला नको. सोय चांगली आहे. पण लिनक्सला त्या सीडीचा उपयोग नसतो, त्याला सोंग उतरवून घ्यावं लागतं. त्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम आहे. पुष्कळदा तर त्या सीडीच्या चित्रावर जाऊन "इजेक्ट" म्हटलं की काम होतं. मी तेच केलं. सीडी गेली, आणि यादीत त्याच वस्तूचा दुसरा क्रमांक नवा आला. सोंग उतरलं.

तरी वायफाय नाही. कारण माझ्या मिंटचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो ५.१५ होता. त्यात या चिपेचा ड्रायव्हर नव्हता. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच असतात. अशा बऱ्याच यूएसबी वायफाय चिपांचे ड्रायव्हर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या गाभ्यापासून आत आले. दोन वाटा होत्या. एक, कोणी सज्जनाने लिहून ठेवलेला ड्रायव्हर उतरवून आपल्या यंत्रावर बांधायचा. पण गाभा बदलला की कधीकधी तो मोडतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. दुसरी वाट, गाभाच नवा घ्यायचा. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये गाभ्यांची यादी असते, त्यातून ६.८ निवडला. फोन केबलने जोडलेला होताच, त्यावरून तो उतरला. जुना गाभा तसाच राहतो, बिनसलं तर सुरू होताना त्याच्यावर परत जाता येतं, म्हणून भीती वाटली नाही. यंत्र बंद करून चालू केलं आणि सोप्यातल्या राउटरचं नाव पडद्यावर आलं! आमच्या ह्यांना हाक मारली. ते म्हणाले, "आता चहा मिळेल का?"

पण गंमत अजून बाकी होती. दर दहा-पंधरा मिनिटांनी वायफाय तुटायचं. आधी वाटलं वीज वाचवण्यासाठी डोंगल झोपत असेल, तसं होतं. ती सोय बंद केली. फरक नाही. मग लक्षात आलं की मी फोटोंची बाहेरची हार्डडिस्क जोडली की तुटणं वाढतं. डिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टात आणि डोंगल तिच्या खेटून. इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे की यूएसबी ३ च्या वेगवान वाहतुकीतून जो गोंगाट निघतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर पडतो. म्हणजे आमच्या डोंगलला शेजार वाईट लाभला होता. मीटरभराची यूएसबीची एक्स्टेन्शन केबल आणली, डोंगल टेबलावर लांब ठेवला, तक्रार संपली. पाच गिगाहर्ट्झवर हा त्रास नसतो, पण त्या लहरी आमच्या मातीच्या भिंती ओलांडत नाहीत.

विंडोजवाल्यांनी नाराज होऊ नये, तुमच्यासाठीही वहीत पान आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं उद्गारचिन्ह दिसेल त्यावर दोनदा टिचकी मारा आणि कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर घातलेलाच नाही. १० म्हणजे वस्तू सुरू होऊ शकत नाही. ४३ म्हणजे वस्तूनेच काही बिघाड कळवला म्हणून विंडोजने ती थांबवली. अपडेटनंतर बंद पडलं असेल तर ड्रायव्हरच्या पानावर मागच्या आवृत्तीवर जाण्याची कळ असते. मधूनच तुटत असेल तर पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर "वीज वाचवण्यासाठी ही वस्तू बंद करू द्या" अशा अर्थाची खूण असते, ती काढा. आणि हात जोडून सांगते, "तुमचे सगळे ड्रायव्हर एका टिचकीत ताजे करतो" म्हणणारे फुकट प्रोग्राम उतरवू नका. दारावर आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती कोणी घराच्या किल्ल्या देतं का?

हे सगळं झाल्यावर मी मूळ रागाकडे परत आले. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. डोंगलच्या खोक्यावर आतल्या चिपेचं नाव छापलं पाहिजे, आणि चिप बदलली तर मॉडेलचं नावही बदललं पाहिजे.

ते हिरवं खोकं माझ्यासमोर आहे. त्यावर कमाल किंमत आहे, आयात करणाऱ्याचा पत्ता आहे, महिना-साल आहे, वस्तू कुठल्या देशात बनली ते आहे. कायद्याने छापावं लागतं म्हणून छापलं आहे. झगझगीत अक्षरांत वेगही छापला आहे, जो आमच्या घरात कधी दिसला नाही. पण ती वस्तू माझ्या कॉम्प्युटरला ओळखू येईल की नाही हे ज्या एका नावावर ठरतं, ते नाव कुठेही नाही. चिमटीत मावणार नाही इतक्या बारीक अक्षरांत आवृत्तीचा एक आकडा आहे म्हणे, तो मला भिंगातून सापडला. आवृत्ती बदलली आहे हे त्यावरून कळतं. काय बदललं ते नाही.

औषधाच्या पट्टीचं उदाहरण घ्या. कंपनीने स्वतःचं काहीही गोड नाव दिलेलं असो, पट्टीवर मूळ औषधाचं नाव असतंच. पॅरासिटामॉल म्हणजे काय हे माझ्या आईला ठाऊक नव्हतं. तरी ते छापलेलं असे, आणि ज्याला ठाऊक होतं तो डॉक्टर ते वाचून म्हणे, "ही गोळी आणि ती गोळी एकच आहे, दोन्ही घेऊ नका." आता कल्पना करा, त्याच पट्टीत, त्याच नावाखाली, या महिन्यात एक औषध आणि पुढच्या महिन्यात दुसरं. चालेल आपल्याला?

दुसरी बाजूही ऐकली आहे, नातवाशी वाद घालून. तो म्हणतो, "आजी, चिपांचे भाव आणि पुरवठा सारखा बदलतो, कंपनी जी मिळेल ती घालते. शंभरातल्या बहुतेकांकडे विंडोज असतं, त्यांचं चालतं. नाव छापलं तरी वाचणार कोण?" त्याचं पहिलं वाक्य मला मान्य आहे. चिप बदला, हरकत नाही, पण सांगा. शेवटचं मान्य नाही. वाचणारे थोडे असतात म्हणून छापायचंच नाही, असं म्हटलं तर निम्मी पुस्तकं निघणार नाहीत. ज्याला नाव कळत नाही त्याचं छापल्याने काही बिघडत नाही. ज्याला कळतं तो त्याच्या उपयोगी पडतो. माझ्या दुरुस्तीवाल्या विद्यार्थ्यालाही खोक्यावर ते नाव दिसलं असतं, तर त्याने दोन मिनिटांत तीन निदानं केली नसती. त्याचंही काय चुकलं म्हणा! अंधारात चाचपडणारा माणूस सगळ्यात सोपं वाक्य बोलतो, "नवीन घ्या."

आणि नवीन घेणं सगळ्यांना परवडत नाही. मला निवृत्तिवेतन आहे, कदाचित घेतलंही असतं. पण अशा जुन्या यंत्रांवर गावोगावची वाचनालयं, छोट्या शाळा, पतपेढ्या चालतात. तिथे कोणी तीनशे रुपयांचा डोंगल आणतं, तो चालत नाही, आणि "मशीन जुनं झालं" म्हणून धडधाकट यंत्र कोपऱ्यात जातं. त्या यंत्रापुढे बसून अर्ज भरणारी मुलगी मग तडकलेल्या काचेकडे वळते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, चांगलंच केलं. पण वस्तूचं खरं नावच ठाऊक नसेल, तर दुरुस्ती कशाची करायची?

ड्रायव्हरचा हा वैताग माझ्यापुरता नाही, हे कळल्यावर बरं वाटलं. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचं नवं लेसर छपाईयंत्र आलं. कागद अडकायचा आणि माणसं वाट बघत बसायची. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाने आधीच्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये कागद अडकल्याची सूचना सगळ्यांना जाईल अशी दुरुस्ती केली होती. नव्या यंत्राचा मूळ प्रोग्राम त्याला मिळाला नाही, मागूनही नाही. तो सल त्याच्या मनात राहिला, आणि १९८३ मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरचं काम जाहीर केलं. माझ्या मिंटमधला पुष्कळ भाग त्या कामातूनच आलेला आहे. कुठल्या कोण माणसांनी माझ्या या चिपेची बोली समजून घेऊन दुभाषी लिहिला आणि गाभ्यात ठेवला, त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. त्यांना इथूनच नमस्कार.

मग मी काय केलं? वहीच्या पानाची प्रत काढून दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले. दोन डोंगलांचे क्रमांक शेजारी शेजारी लिहिलेले, खाली लाल शाईने रेघ. त्याने वाचलं, ओशाळला, आणि म्हणाला, "बाई, असे चार डोंगल माझ्याकडे परत आलेत. मी डेड म्हणून टाकून ठेवलेत." आम्ही दोघांनी मिळून ते एकेक लावून पाहिले. तीन चांगले निघाले. चौथा खरंच मेलेला होता. आता तो नवा माल आला की एक उघडून लावून बघतो आणि आतल्या चिपेचं नाव पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून खोक्याला लावतो. कंपनीने करायचं काम वाईच्या बाजारपेठेतला एक मुलगा पेनाने करतोय.

तुम्हीही एक करा. घेताना चिपेचं नाव विचारा. दुकानदाराला ठाऊक नसेल तर चालेल, पण विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर मिळतं, हा माझा वर्गातला अनुभव आहे. आणि घरात एक वही ठेवा.

ताईंच्या लेकीला वाईच्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. परवा आली होती, प्रोजेक्टसाठी नेट हवं होतं. कॉम्प्युटर लावून दिला. जाताना वही मागितली आणि स्वतःच त्यात लिहिलं: तारीख, काय केलं, काय दिसलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या नाहीत.

बाकी क्षेम. पुढच्या वेळी गव्हल्यांबद्दल लिहीन, वचन देते :)